फोर्डच्या धडावर शेव्हरोलेचे शिर

३० मे १९२३ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची मोटारशर्यत भरली होती. अडीच मैलांची विटांनी बांधलेली वाट आणि तिच्यावर दोनशे फेऱ्या! खास शर्यतीसाठी घडविलेल्या उंची गाड्यांच्या त्या दरबारात एक गरिबाघरचा पाहुणाही आला होता. त्याचे इंजिन मॉडेल टी फोर्डचे. म्हणजे जी गाडी शेतकरी बाजारहाटाला नेत, तिचे. चालक होता एल. एल. कोरम. टॉमी मिल्टन पहिला आला हे खरे; पण ही फोर्ड पाचवी आली! नियमाने १२२ घन इंचांची मर्यादा घातली होती, म्हणून मूळचे १७७ घन इंचांचे इंजिन आणखी लहान करून ती धावली होती.

ही करामत कशाची? डोक्याची. मनुष्याच्या नव्हे, इंजिनाच्या.

१९०८ साली हेन्री फोर्डने ही गाडी काढली तेव्हा चारही सिलिंडर एकाच ठोकळ्यात ओतले आणि वरचे हेड सुटे ठेवून पंधरा बोल्टांनी आवळले. खेड्यातल्या माणसालाही ते उतरवून आतली काजळी खरवडता यावी, अशी ती सोय होती. गंमत अशी की, त्याच फटीतून पुढे शर्यतवाले आत शिरले. मूळ रचनेत झडपा सिलिंडरच्या कुशीला असत. पेट्रोलची वाफ बाजूच्या खणातून वर चढायची, वळसा घ्यायची आणि मग पिस्टनवर यायची. त्यात चार सिलिंडरांना श्वास घ्यायला तोंडे दोनच! म्हणून जवळजवळ तीन लिटरचे हे इंजिन वीस अश्वशक्तीवर समाधान मानी.

लुई शेव्हरोले आणि त्याचा भाऊ आर्थर यांनी ‘फ्रॉन्टेनॅक’ नावाचे हेड काढले ते याच दुखण्यावर. त्यात झडपा थेट पिस्टनच्या माथ्यावर आल्या. लुई हा मूळचा स्वित्झर्लंडचा. १९११ साली त्याच्या नावाने कंपनी निघाली. पण भागीदार ड्युरंट याच्याशी न पटून तो बाहेर पडला. नाव मात्र कंपनीकडेच राहिले. धाकटा भाऊ गॅस्टन १९२० साली हीच इंडियानापोलिसची शर्यत जिंकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बेव्हर्ली हिल्सच्या शर्यतीत अपघाताने गेला. ज्याचे नाव लावून दुसरे लोक फोर्डशी स्पर्धा करीत होते, तो स्वतः फोर्डला पळवण्याचे साहित्य विकत होता. कादंबरीत मी हे घातले असते तर वाचक म्हणाले असते, मास्तर, जरा अतीच झाले!

हे हेड बसवणे म्हणजे झाकण बदलणे नव्हे. ठोकळ्याचा माथा घासून सपाट करायचा, सरळ पट्टी ठेवून खाली उजेड दिसतो का ते पाहायचे. जुन्या झडपा आणि स्प्रिंगा काढायच्या, त्यांच्या वाटा बुजवायच्या, आणि खालच्या कॅमची हालचाल लांब दांड्यांनी वरच्या रॉकरांपर्यंत न्यायची. मग गॅस्केट. बोल्ट एका टोकाकडून आवळत गेलात तर हेड वाकलेच म्हणून समजा. मधून सुरुवात करून बाहेर सरकायचे, तेही दोन-तीन हप्त्यांत. इंजिन तापवून निवले की पुन्हा पाना लावायचा.

एवढे करूनही खरा प्रश्न खाली असतो. मूळ क्रँकशाफ्ट तीनच बेअरिंगांवर टेकलेला, आणि बेअरिंगांपाशी त्याची जाडी अवघी सव्वा इंच. तेलाला पंप नाही. तळातले तेल उडेल तेवढेच नशिबी. पाणीही पंपावाचून, गरम होऊन आपोआप वर चढणारे. वीस अश्वशक्तीसाठी ही हाडे पुरत. वरून दुप्पट दम फुंकला की क्रँक मोडतो, पिस्टनच्या दांड्यांची बेअरिंगे वितळतात. म्हणून शर्यतवाले क्रँक जाड घालत, तेल दाबाने पोचवीत. ब्रेकची तर बातच नको. पायाचा ब्रेक गिअरच्या पेटीत! गाडी पळवायला शिकवली, थांबवायला कोण शिकवणार?

१९२४ साली अशा तीन गाड्या उतरल्या. हेन्री फोर्ड स्वतः शर्यतीचा मानाचा पंच होता आणि एका गाडीवर होता आल्फ्रेड मॉस, पुढे विख्यात झालेल्या स्टर्लिंग मॉसचा बाप. कोरम मात्र त्या वर्षी ड्युसेनबर्गवर होता. जो बॉयरच्या जोडीने तो पहिला आला. १९२७ साली मॉडेल टी बंद झाली. लुई १९४१ साली डेट्रॉइटला वारला. त्याला पुरले ते इंडियानापोलिसला.

आजही जुन्या गाड्यांचे वेडे अशी हेडे शोधत असतात. शंभर वर्षांचे बीड. पाण्याच्या वाटांशी केसासारखी चीर असू शकते. म्हणून जाणता माणूस आधी हेडात पाणी दाबाने भरून कुठे झिरपते का ते पाहतो, पाना त्यानंतर हाती घेतो. मूळ फोर्डचे हेड तो तेल लावून फडताळात ठेवतो.