दोन बादल्या पाणी : माइनक्राफ्ट आणि उजनी

टेंभुर्णीतली मुलं मोबाइलवर जो खेळ खेळतात, त्याचा इतिहास आज आपण पाहू. 2009 साली स्वीडनच्या मार्कुस पर्सन यांनी ‘माइनक्राफ्ट’ लोकांपुढे आणला. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो अडीच अब्ज डॉलरना घेतला. खेळ साधा आहे. लाकूड तोडा, दगड खणा, अंधार पडायच्या आत निवारा बांधा, रात्र काढा. म्हणजे माणसाची सगळी वाटचालच की!

पण त्यातला एक नियम आम्हाला फार विचार करायला लावतो. दोन बाय दोनचा खड्डा खणायचा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतायचं. मग कितीही उपसा, पाणी संपत नाही.

आता शेजारी बघा. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे 117 टीएमसी. तरी कोरड्या वर्षी आपणच म्हणतो, ‘उजनी मायनसमध्ये गेली’. तेव्हा पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, आणि आठवतं की इथं गाव नांदत होतं. आपला ऊस त्या बुडालेल्या गावांच्या पाण्यावर उभा आहे.

खेळात खणलेली जमीन कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. दिवाळीच्या किल्ल्याला मात्र माती कुणाच्या तरी शेतातून, विचारून आणावी लागते. बांधणं म्हणजे कुठून तरी घेणं, हे तिथं मुलाला कळतं.

मुलांना खुशाल खेळू द्या. फक्त पाणी ओसरलं की एकदा पळसदेवला न्या.