रोग्याचें गुपित

रोगी आपली व्यथा प्रथम डॉक्टरास सांगतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिति पुष्कळदां निराळी असते. डॉक्टरच्या खोलीचें दार उघडण्यापूर्वी मेजाशीं बसलेला कारकून, ज्यास हल्लीं रिसेप्शनिस्ट म्हणतात, तो नांव विचारतो आणि लगेच पुसतो, “काय होतंय?” मागें दहा माणसें खोळंबलेलीं असतात. त्यांत शेजारी असतो, व्याही असतो, कचेरींतला सोबतीही असतो. मूळव्याधीनें गांजलेला गृहस्थ मग “जरा ताप आहे” म्हणून वेळ मारून नेतो. एखादी स्त्री तर कांहीं न बोलतांच घरीं परतते. रोग्याचें गुपित राखण्याचा धर्म फार प्राचीन आहे. तथापि तो डॉक्टरच्या खोलींतून या मेजापर्यंत पोंचण्यास दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं.

ग्रीक वैद्य हिप्पॉक्रटीस याच्या नांवानें चालत आलेल्या शपथेंत वैद्य असें वचन देतो कीं, उपचार करतांना किंवा एरव्हींही जें पाहण्याऐकण्यांत येईल, त्यांतलें बाहेर बोलूं नये असें जें असेल, तें आपण बोलणार नाहीं. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानांत, आठव्या अध्यायांत, गुरु शिष्यास दीक्षा देतांना हाच धडा देतो. रोग्याच्या घरीं जावयाचें तें ओळखीच्या व प्रवेशाची मुभा असलेल्या माणसाबरोबर. आंत गेल्यावर मन रोग्याखेरीज अन्यत्र जाऊं द्यावयाचें नाहीं. आणि त्या घरांतील गोष्टी बाहेर न्यावयाच्या नाहींत. दोन्हीं ठिकाणीं वैद्य रोग्याच्या घरीं जातो, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. गुपित जाणण्याचा अधिकार बाहेरच्यांपैकीं एकट्या वैद्याचा. म्हणून त्याची जीभ बांधली कीं काम भागे.

रुग्णालयें वाढलीं आणि हा क्रम उलटला. रोगी वैद्याकडे जाऊं लागला, आणि एकाच दालनांत शेजारीं शेजारीं खाटा आल्या. इंग्लंडांत मँचेस्टर येथील रुग्णालयांत अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांत कलह माजला, तेव्हां टॉमस पर्सिव्हल या डॉक्टराकडे आचारनियम लिहिण्याचें काम आलें. त्याचा ग्रंथ १८०३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एक साधा नियम आहे : मोठ्या दालनांत रोग्याची विचारपूस करतांना दुसऱ्यास ऐकूं जाणार नाहीं अशा आवाजांत करावी. आपण बोलूं नये एवढ्यावर न थांबतां, दुसऱ्याच्या कानीं पडूं नये याचीही जबाबदारी येथें डॉक्टरावर आली.

फ्रान्सनें हा धर्म कायद्यांत घातला. १८१० च्या दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमानें गुपित फोडणाऱ्यास एक ते सहा महिने कैद आणि दंड सांगितला. विशेष असें कीं, तें कलम वैद्यांपुरतें नव्हतें. औषधविक्रेते, सुइणी आणि धंद्यामुळें ज्यांच्याकडे लोकांचीं गुपितें येतात असे इतरही त्यांत आले.

इंग्लंडांत असा दंडविधि नव्हता. तेथें डोळे उघडले ते १८९६ च्या किट्सन विरुद्ध प्लेफेअर या खटल्यानें. प्लेफेअर हा नामांकित प्रसूतितज्ज्ञ. श्रीमती किट्सन ही त्याच्या बायकोच्या भावाची पत्नी. तिचा नवरा परदेशीं असतांना तिला तपासून तिचा नुकताच गर्भपात झाला असावा, असें अनुमान प्लेफेअरनें काढलें. तें त्यानें आपल्या बायकोस सांगितलें. पुढें कुटुंबांतल्या वडील भावाच्याही कानीं घातलें. त्या भावाकडून तिला मिळणारी पैशाची मदत बंद झाली, आणि आप्तांत तिची अब्रू गेली. आपल्या घरच्या बायकामुलींच्या हितासाठीं बोलणें प्राप्त होतें, असा बचाव डॉक्टरनें केला. ज्यूरीस तो पटला नाहीं. १२,००० पौंडांची भरपाई तिनें ठरविली. ती रक्कम मागाहून कमी झाली, पण सर्व डॉक्टरवर्गास मिळावयाची ती समज मिळाली.

परंतु मेजाचा प्रश्न पुढेंच उद्भवला. ५ जुलै १९४८ रोजीं ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. त्या काळीं पुष्कळ डॉक्टरांच्या घरीं दार उघडण्याचें व टेलिफोन घेण्याचें काम त्यांच्या पत्नीच करीत. १९६६ च्या सुधारणेनें नोकरांच्या पगाराचा ७० टक्के भाग सरकार देऊं लागलें, आणि पगारी रिसेप्शनिस्ट सर्वत्र दिसूं लागली. कोणास आज भेट द्यावी आणि कोणास उद्यां, हें ठरविण्यासाठीं तिला कांहीं विचारणें भाग होतें. तिचा प्रश्न गैर नव्हता. किती विचारावें व कोणादेखत विचारावें, एवढाच वाद होता. १९९७ सालीं फिओना कॅल्डिकॉट यांच्या समितीनें त्याचें सूत्र घालून दिलें : कामापुरतीच माहिती वापरावी, आणि ज्यास ती जाणणें अवश्य आहे त्यालाच ती कळावी. हें सूत्र डॉक्टराइतकेंच कारकुनासही लागू पडतें.

भारतांत वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीं रोग्याचें गुपित राखण्याचें बंधन डॉक्टरावर घातलें आहे. न्यायालयाची आज्ञा, इतरांस गंभीर धोका आणि कळविण्यास योग्य असे सांथीचे रोग हे त्यास अपवाद. पण दवाखान्याच्या मेजाशीं बसणारा कंपाउंडर कोणतीच शपथ घेत नाहीं. त्याला वळण लावणें हें त्याच्या डॉक्टराचेंच काम होय. त्यास निराळी खोली लागत नाहीं, खर्चही येत नाहीं. रोग्यास जवळ बोलवावें, आवाज उतरवावा, आणि तो “डॉक्टरांनाच सांगेन” म्हणाला तर तेवढ्यावर त्याचें नांव लिहून घ्यावें. न बोलतां घरीं परतणारी ती स्त्री मग आपली व्यथा घेऊन योग्य जागीं पोंचेल.