खानदेशाचे चालते गाणे

धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या गोलाणी मार्केटात गाणी वाजवणारे यंत्र घ्यायला आलेले गिऱ्हाईक दुकानदाराला काय विचारते, हे थोडा वेळ उभे राहून ऐकण्यासारखे असते. आवाज किती स्वच्छ, ढोलाचा ठोका किती खोल, हे प्रश्न फार उशिरा येतात. पुष्कळदा येतच नाहीत. पहिला प्रश्न, आवाज किती मोठा निघतो. दुसरा, चार्जिंग किती टिकते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न 'सेल किती लागतात' असा होता. आणि तिसरा प्रश्न बहुधा अहिराणीत येतो: यामा आपला गाना शेतस का?

यात आपली गाणी आहेत का, हा तो तिसरा प्रश्न. सोबत वागवायच्या संगीतयंत्रांचा जो इतिहास आपण वाचतो, त्यात याला जागा नाही. तो इतिहास सहसा तोक्योत सुरू होतो: १ जुलै १९७९, सोनीचा वॉकमन, आणि माणूस गर्दीत एकटा झाला. खानदेशात मात्र चालत्या गाण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. इथे यंत्र निवडताना माणूस कुठली भाषा ऐकायची हेही निवडत होता. ही निवड त्याच्या हातात केव्हा आली, आणि जे हाती आले त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

अंगमेहनतीला गाण्याची जोड ही गोष्ट यंत्रापेक्षा फार जुनी. जात्यावर बसलेल्या बाईचा हात आणि ओवी एकाच लयीत फिरतात. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. दळताना, शेतात काम करताना त्यांनी रचलेली गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून रेडिओवर पोचली. (त्यांची बोली लेवा गणबोली, तिला सरसकट अहिराणी म्हणण्याची चूक खानदेशाबाहेर अजून होते.) पुरुषांच्या बाजूला लेझीम आहे. व्यायाम करणाऱ्याने स्वतःच हातात धरायचे वाद्य, ज्याचा ठेका चुकला की पाऊलही चुकते. व्यायामासाठी सोबत नेण्याचे संगीतयंत्र म्हणून आज जे विकले जाते, त्याचा हा सरळ पूर्वज. फरक इतकाच की लेझीम एकट्याने खेळण्यात काही मजा नाही.

पेटीत मावणारा ग्रामोफोन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडात निघाला आणि खंदकांतल्या सैनिकांनी तो वापरला. आपल्याकडे तो आला तेव्हा त्याला कडी होती, किल्ली होती, पण तो वाहून न्यायला गडी लागे. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका त्यावर वाजत. त्यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला आणि पहिले गायनशिक्षणही इथेच, मेहबूब खाँ यांच्याकडे झाले, म्हणून या गावाला त्या तबकड्यांचे विशेष कौतुक. तरी ही चैन वकील, व्यापारी आणि केळी-कापसात पैसा झालेल्या मोजक्या घरांची. ती फार पसरली नाही.

पसरला तो ट्रान्झिस्टर. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात हा शोध लागला आणि १९५४ मध्ये तिथे खिशातला रेडिओ विक्रीला आला. आपल्याकडे साठच्या दशकात जे संच गावोगाव गेले ते खिशातले नव्हते. चामडी पिशवीत घातलेले, खांद्याला पट्ट्याने अडकवायचे, वीटभर वजनाचे. मर्फी, बुश, फिलिप्स ही नावे घरातल्या माणसांसारखी घेतली जात. खानदेशाच्या दृष्टीने त्यांची थोरवी वजनात नव्हती, ती विजेत होती. दिव्यावर चालणाऱ्या जुन्या रेडिओला घरात तारा लागत. ट्रान्झिस्टरला सेल पुरत. तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या कित्येक गावांत विजेच्या आधी गाणे पोचले ते यामुळे.

तो घ्यायचा म्हणजे तीन गोष्टी जमवाव्या लागत. एक म्हणजे किंमत; लग्नात नवरदेवाकडून घड्याळ, सायकल आणि रेडिओ अशी मागणी होत असे, त्यावरून त्याचे मोल कळेल. दुसरी, परवाना. रेडिओ बाळगण्याला सरकारी परवाना लागे. टपाल कचेरीत जाऊन दरवर्षी पुस्तिकेवर तिकीट लावून आणावे लागे, आणि तपासनीस आल्याची कुणकुण लागली की संच कणगीत जात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ही भानगड संपली. तिसरी गोष्ट सेल. मंदावलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा दोन दिवस चालवणे, रेडिओतून उतरलेले सेल बॅटरीत घालून शेतात नेणे, हे अर्थशास्त्र घराघरात ठाऊक होते.

मग निवडायचे काय? बँड. 'दोन बँडचा घेतला का तीन बँडचा' हा त्या काळचा खरा प्रश्न. त्याचे कारण दिल्लीत होते. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. 'बिनाका गीतमाला' आणि अमीन सयानी यांचा आवाज लघुलहरींवर येई, म्हणून लघुलहरींचा बँड हवाच. सरकारला शहाणपण सुचून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तोवर बुधवारची रात्र सिलोनची झाली होती. केसकर स्वतः मराठी, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण श्रोत्याच्या आवडीचा रस्ता बंद केला की तो भिंतीला भोक पाडतो, एवढे त्यांच्या ध्यानात यायला हवे होते.

सायकलच्या हँडलला टांगलेला रेडिओ गल्लीतून गेला की गल्ली ऐके. निंदणीच्या वेळी तो बांधावर ठेवला की दहा बाया ऐकत. एकाने घेतलेले यंत्र दहांचे होते. फक्त त्यातून येणारी भाषा त्या दहांपैकी कुणाचीच नव्हती. हिंदी गाणी, पुणेरी-मुंबईकर वळणाची मराठी, बातम्यांची मराठी. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात १९०७ साली निघालेल्या खंडात खानदेशी भिल्ल भाषांच्या जोडीला नोंदवली गेली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक निघाले, आणि घरात अहिराणी बोलून बाहेर मराठी लिहिणाऱ्यांचा हिशेब त्यात नाही. एवढ्या लोकांच्या भाषेत रेडिओ क्वचित बोले. जळगावला आकाशवाणीचे केंद्र झाल्यावर लोकगीते, शेतीचे कार्यक्रम यांतून आपली बोली कानावर पडू लागली, आणि त्या केंद्रावर खानदेशाने मनापासून प्रेम केले. तरीही काय वाजायचे आणि केव्हा, हे ठरवणारा माणूस केंद्रात बसलेला होता.

हे बदलले कॅसेटने. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही चार मिलिमीटरहून थोडी कमी रुंदीची फीत ऐंशीच्या दशकात भारतात स्वस्त झाली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात हे सविस्तर मांडले आहे: एका बड्या कंपनीची सद्दी संपली आणि ज्या बोलींना तबकडी कधी मिळाली नसती त्यांच्या कॅसेटी बाजारात आल्या. खानदेश त्याला अपवाद नाही. कानबाईची गाणी, आखाजीच्या झोक्यावरची गौराईची गाणी, लग्नातली गाणी, अहिराणी विनोद हे सगळे यात्रेतल्या पथाऱ्यांवर कॅसेटच्या रूपात दिसू लागले.

वॉकमनही त्याच सुमारास आला, पण तो इथे रुजला नाही. कॉलेजच्या वसतिगृहात एखाद्याकडे असे, तोही मिरवायला. त्याच्या पहिल्या रूपाबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या यंत्राला कानयंत्रे जोडायला दोन जागा होत्या, आणि गाणे दबवून एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही. एकट्याने कानात गाणे घालून बसणे असभ्य दिसेल, अशी सोनीचे अध्यक्ष आकिओ मोरिता यांना शंका होती. जगाने ती शंका झटकून टाकली. खानदेशाला ती बराच काळ बरोबर वाटत राहिली. इथे विकला गेला तो टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र, वर मूठ, पुढे भोंगा. सुरतेच्या मागावर कामाला गेलेले खानदेशी लोक पहिल्या बचतीतून तो घेत आणि कानबाईला गावी येताना आणत.

त्या टेपचे एक बटण लाल होते. ते दाबून माणूस स्वतः मुद्रण करू शकत असे. हळदीच्या रात्री आजी गात असताना कुणीतरी ते बटण दाबले, अशा कॅसेटी खानदेशात किती घरांत निघाल्या असतील याची मोजदाद नाही. अडचण अशी की कोरी कॅसेट पैसे पडून मिळे आणि जुनी घरात असे. कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी मोडली की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. पण त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की होते. पोरांना ही युक्ती लवकर समजली. आजीच्या गाण्यावर चित्रपटाची गाणी चढली.

नंतरचा टप्पा बोटाच्या नखाएवढा आहे. २००७-०८ च्या सुमारास चिनी मोबाइल आले: मोठमोठे भोंगे, दोन सिमकार्डे, आणि मेमरी कार्डाची खाच. ओळखक्रमांक नसलेले हे संच १ डिसेंबर २००९ पासून सरकारने बंद पाडले, तोवर सवय लागून गेली होती. दोन जीबीच्या कार्डात साधारण चारशे गाणी मावत. गोलाणी मार्केटात आणि धुळ्याच्या पाच कंदिलाजवळ संगणक मांडून बसलेली मुले दहा-वीस रुपयांत कार्ड 'भरून' देत. ते चोरीचे होते हे उघड आहे. कलावंताला त्यातून छदाम मिळाला नाही. पण अहिराणीला पहिल्यांदाच वेळेची मर्यादा उरली नाही. वाटेल तेव्हा, वाटेल तितक्यांदा, कुणालाही न विचारता.

हा मोबाइल लोक कानात घालत नसत, हातात वाजवत नेत. शहरी माणसाला याचा त्रास होतो, मलाही एसटीत होतो. शेतात मात्र त्याला कारण आहे. पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते, आणि दोन वाजता बांधावरून जाणाऱ्याला मोठ्या आवाजाची सोबत लागते. बिबट्याच्या भागात अंधारात जाताना मोबाइलवर गाणी वाजवत जा, असे वनखातेही सांगते. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसे मारली, तेव्हा या सल्ल्याचा अर्थ तिथे कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. अशा माणसासाठी उत्तम कानयंत्र हे वाईट यंत्र आहे.

कानयंत्र शेवटी आले ते दोन वाटांनी. सुरत आणि धुळे-मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गाणे ऐकायचे तर ते कानातच घालावे लागते, आणि खडखडाटावर मात करायला आवाज आणखी वाढवावा लागतो. आठवड्याला चाळीस तास ऐंशी डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा; मागावरचा कामगार नुसत्या कामानेच ती ओलांडतो. दुसरी वाट पहाटेच्या रस्त्याची. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली प्रत्येक गावाबाहेर धावताना दिसतात. वेगाच्या ठेक्याने पाय उचलले जातात हा त्यांचा अनुभव खरा आहे. १९११ साली न्यूयॉर्कमधल्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत बँड वाजत असताना स्वार अधिक वेगाने जातात, असे लिओनार्ड आयर्स याने मोजून दाखवले होते. भरतीच्या मैदानावरचे १६०० मीटर मात्र गाण्याविना धावावे लागतात. म्हणून जाणते प्रशिक्षक आठवड्यातले काही दिवस कान मोकळे ठेवून धावायला लावतात. यंत्राच्या वर्णनात हे लिहिलेले नसते.

मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या हाती अलीकडे जुन्या रेडिओच्या घाटाचा एक डबा दिसतो. एचएमव्हीच्या वारस कंपनीने २०१७ मध्ये आणलेला 'कारवां', आत पाच हजार गाणी आधीच भरलेली. निवडायला काही नाही, हेच त्याचे सुख. ज्यांची जवानी सिलोनवर गेली त्यांना ते सुख मिळायलाच हवे. पण तिसरा प्रश्न त्याच्यापुढे पुन्हा उभा राहतो: गाणी कुणी भरली?

स्वस्त इंटरनेटने २०१६ नंतर कार्ड भरण्याचा धंदा बसवला. नवी अहिराणी गाणी आता यूट्यूबवर येतात, कोट्यवधी वेळा पाहिली जातात, पुण्या-मुंबईच्या वरातीतही वाजतात. त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती १९८५ ते २०१५ या तीस वर्षांतल्या गाण्यांची. ती कॅसेटी आणि कार्डांवर होती आणि मूळ प्रती जपाव्यात इतके मोठे कुणी त्या धंद्यात नव्हते. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली कॅसेट वाकते, टेपमधला रबरी पट्टा चिकट होऊन तुटतो. मेमरी कार्ड एके दिवशी नुसते 'फॉरमॅट करा' म्हणते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. बाईचे नाव, गाव, जमेल तिथे आवाजही. आज त्या 'पारी'च्या संग्रहात ऐकता येतात. कॅसेटच्या अहिराणीसाठी तसे काम अजून उभे राहायचे आहे. कार्ड भरणाऱ्या दुकानांतले काही जुने संगणक अजून कोपऱ्यात पडून आहेत. त्यांतल्या फायलींना गायिकेचे नाव नाही, गावाचे नाही, वर्षाचे नाही. 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', 'न्यू फोल्डर' एवढेच. ज्या बायांचे आवाज त्यांत आहेत त्यांपैकी काही अजून हयात असतील, आणि आवाज ऐकवला तर कुणाचा ते त्या सांगू शकतील.