ओव्याचा अर्क आणि चुळीचा इतिहास



इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. पण आपण रोज सकाळी जी चूळ भरतो तिलाही इतिहास आहे, आणि त्यात शेतकरी, हमाल आणि व्यापारी यांचा वाटा मोठा आहे.

आपल्या जुन्या वैद्यकाने चुळीचा बारकाईने विचार केला होता. द्रव हलवताच येऊ नये इतके तोंड भरणे म्हणजे गंडूष, आणि सहज खळखळवता येईल इतकाच घेणे म्हणजे कवल, असा भेद सुश्रुतसंहितेत आहे. खेड्यांतील लोकांना ही नावे ठाऊक नव्हती, पण उपाय ठाऊक होते. हिरड्या सुजल्या की बाभळीच्या सालीचा काढा, दाढ ठणकली की लवंग. बाभळीच्या सालीतील टॅनिन तुरट असते, त्याने हिरड्या आवळतात. लवंगेतील युजेनॉल ठणका काही वेळ बधिर करते. या ज्ञानाला मालक नव्हता.

ओव्याची गोष्ट मात्र निराळी झाली. ओव्याचा उग्र वास थायमॉल या जंतुनाशक द्रव्याचा. 1914 पूर्वी जगाला लागणारे बहुतेक थायमॉल जर्मनीत तयार होई आणि त्यासाठी ओवा जाई हिंदुस्थानातून. पिकवणारे आपण, पोती वाहणारे आपण. अर्क आणि नफा मात्र तिकडे! महायुद्ध पेटले, जर्मन माल बंद झाला, भाव कडाडले, तेव्हा कोठे येथे अर्क काढण्याची खटपट सुरू झाली. पुढे थायमॉल कारखान्यात रसायनांपासून होऊ लागले आणि ओव्याची ती मागणी ओसरली.

अमेरिकेत 1879 मध्ये डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी थायमॉल, मेन्थॉल, निलगिरीचा अर्क वगैरे मिसळून लिस्टरीन बनवले. ते मुळात शस्त्रक्रियेसाठी होते. 1920 नंतरच्या जाहिरातींनी तोंडाच्या वासाची अशी धास्ती घातली की बाटली घरोघर गेली. या चुळीने सर्दी टळते असाही प्रचार झाला. 1975 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तो दावा खोडून काढण्याचा हुकूम दिला.

मग वनस्पतींच्या चुळीत तथ्य नाही काय? आहे. अशा अर्कांनी दातांवरचा जंतूंचा थर आणि हिरड्यांची सूज कमी होते. पण दात घासण्याला ती पर्याय नाही, आणि किडलेला दात तिने भरून येत नाही.

आमच्या कामगार वस्त्यांत मिश्री आणि तंबाखू यांनी भूक मारण्याची सवय जुनी आहे. तोंडात पांढरा चट्टा पडला किंवा दोनतीन आठवडे जखम भरली नाही, तर काढ्यावर दिवस काढू नयेत, डॉक्टरला दाखवावे. तोंडाचा कर्करोग वेळीच सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते.

तात्पर्य, बाभळीची साल आणि ओवा हा आपला वारसा आहे, तो जरूर जपावा. परंतु गरिबाला काढा आणि श्रीमंताला दंतवैद्य, अशी वाटणी आपण मान्य करता कामा नये.