एक प्रवासग्रंथ, दोन खिंडी : पेट्रा आणि नाणेघाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. हा ग्रंथ ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या कर्त्याचे नाव काळाने पुसले. त्या छोटेखानी पुस्तकात अरबस्तानच्या वाळवंटातील पेट्रा या नगरीकडे जाणाऱ्या वाटेचा उल्लेख आहे, तसाच ‘कलिएना’ या बंदराचाही आहे. कलिएना म्हणजे उल्हास नदीच्या खाडीवरचे आपले कल्याण.

या दोन्ही ठिकाणांना जोडणारे आणखी एक साम्य आहे, आणि त्याचा उल्लेख मात्र पेरिप्लसमध्ये नाही. दोन्हीकडचा व्यापार खडकातल्या एका अरुंद चिरेतून वाहत होता.

पेट्रात शिरायचे तर ‘सीक’ नावाच्या घळीतून चालावे लागते. भूगर्भातील हालचालींमुळे वालुकाश्म दुभंगला आणि पुढे पाण्याने ती भेग घासून गुळगुळीत केली. सुमारे १.२ किलोमीटर लांबीची ही वाट काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर रुंद आहे. वर पाहिले तर आभाळाची एक फीत तेवढी दिसते. नबातियन लोकांनी तिच्या भिंतींत पाण्याचे पाट कोरले आणि तोंडाशी बंधारा घालून पुराचे पाणी बोगद्यातून दुसरीकडे वळवले. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो. पण पडला की अशा घळीतून क्षणार्धात लोंढा येतो. १९६३ साली सीकमध्ये अशाच लोंढ्याने वीसहून अधिक फ्रेंच पर्यटकांचा बळी घेतला. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी अकरा जण वाहून गेले. पाऊस मात्र त्यांच्या डोक्यावर नव्हे, दूर कुठेतरी पडला होता. नबातियनांना हा धोका दोन हजार वर्षांपूर्वी कळला होता.

आपल्याकडची खिंड बेसाल्टची आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजच्या रस्त्याला लागले की वैशाखरे गाव येते. शनिवार-रविवारी ठाणे-डोंबिवलीहून मित्रमंडळींच्या गाड्या येथे थांबतात आणि रानातून चढण सुरू होते. उजाड माथ्यावरचा ‘नानाचा अंगठा’ हा सुळक्यासारखा कडा दुरूनच खुणावतो. शेवटच्या टप्प्यात वाट दोन काळ्या भिंतींमध्ये शिरते आणि पलीकडे एकदम जुन्नरचे पठार उघडते. निसर्गाने दिलेली चीर माणसाने छिन्नीने वापरती केली, तोच हा नाणेघाट. खाली कल्याण, वर जुन्नर आणि त्यापुढे पैठण, अशी ही सातवाहनकालीन व्यापाराची नाडी होती. पुढे जीवधन, हडसर, चावंड आणि शिवनेरी हे किल्ले याच परिसरावर नजर ठेवून उभे राहिले.

घाटमाथ्याच्या जरा खाली एक लेणे आहे. ते विहार नव्हे आणि चैत्यही नव्हे. मागच्या भिंतीवर आठ प्रतिमा कोरल्या होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा आणि वरची काही नावे एवढेच उरले आहे : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, काही कुमार आणि एक ‘महारठी’. या शेवटच्या पदवीचा ‘महाराष्ट्र’ या नावाशी संबंध लावावा की नाही, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. वाटसरूंच्या डोळ्यांसमोर राजघराण्याची अशी रांग उभी करणे, हे आजच्या चौकातल्या फलकांचेच पूर्वरूप म्हणता येईल.

बाजूच्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख आहे. विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने १८२८ मध्ये तो पाहिला, तेव्हा तो वाचू शकणारा एकही माणूस जगात नव्हता. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे सोडवले ते १८३७ मध्ये. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांनी या लेखावर मोलाचे काम केले. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर येते एका विधवा राणीचे वर्णन. ती महिना-महिना उपवास करते, तपस्विनीसारखी राहते, आणि पतीसह केलेल्या अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची दक्षिणा नोंदवून ठेवते. ही राणी म्हणजेच नायनिका, अर्थात नागनिका, असे बहुतेक संशोधक मानतात.

दक्षिणेचे आकडे डोळे दिपवणारे आहेत : १,७०० गाई आणि १० हत्ती, ११,००० गाई आणि १,००० घोडे, २४,४०० कार्षापण. खरे मोल मात्र रकमेपेक्षा ती लिहिण्याच्या पद्धतीत आहे. येथे शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. २४,४०० लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे यांची चिन्हे ओळीने मांडायची. भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाचे नाव अग्रभागी येते ते यामुळे.

मग हा वाहता मार्ग आटला कसा? पेरिप्लसचा कर्ता सांगतो, की ‘थोरल्या सारगानस’च्या काळी कलिएना हे अधिकृत व्यापारी बंदर होते, पुढे ते ‘सांदानेस’च्या हाती गेले आणि तेथील व्यापाराची कोंडी झाली. चुकून एखादे ग्रीक जहाज तेथे लागलेच, तर ते पहाऱ्यात बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला नेले जाई. ही नावे नेमकी कोणाची, हा वादाचा विषय आहे. पण सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या चुरशीचीच ही सावली असावी. पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचे कापड गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या प्रदेशांतून भडोचला नेले जाते, असे तोच ग्रंथ सांगतो. कल्याणची वाट किती जवळची होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कोंडीची किंमत कळते.

राहता राहिला माथ्यावरचा प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकली जात, ही कथा प्रत्येक सहलीत सांगितली जाते आणि घाटाच्या नावाचा उलगडाही तिच्यावरूनच केला जातो. पेट्राच्या वाटेवरील ल्यूके कोमे बंदरात मालाच्या चौथ्या हिश्श्याइतका कर घेतला जाई, ही पेरिप्लसची स्पष्ट नोंद आहे. नाणेघाटातही जकात असणे अगदी शक्य आहे. परंतु राणीच्या लेखाच्या उपलब्ध मजकुरात तिचा उल्लेख नाही. येथे वाटसरूंसाठी कोणी काय केले, याचा लेखी पुरावा आहे तो वेगळाच. वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या तेराव्या राज्यवर्षातील एक छोटा लेख सांगतो, की दामघोष नावाच्या गृहस्थाने येथे पाण्याचे टाके दिले. कोकणातली उभी चढण चढून आलेल्या माणसाला आणि ओझ्याच्या जनावराला माथ्यावर सर्वांत आधी काय हवे असे, हे त्या गृहस्थाला ठाऊक होते.