रुंद अक्षराची वंशावळ

जीडीबी या डीबगरच्या चाचण्यांमध्ये अक्षरसंचांसाठी लिहिलेला एक लहानसा सी प्रोग्रॅम आहे. त्यात कॅपिटल ए, स्मॉल ए, शून्य अशी साधीच चिन्हं आहेत, पण ती चिन्हं म्हणून कुठेच टाइप केलेली नाहीत. ६५, ९७, ४८ असे नुसते आकडे हातानं भरले आहेत. शेजारीच आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या एबसिडिक संचासाठी त्याच तीन चिन्हांचे आकडे १९३, १२९, २४० असे येतात. अवतरणचिन्हात अक्षर लिहिलं की त्याचा आकडा कंपायलर ठरवतो, आणि इथे चाचणी लिहिणाऱ्याला कंपायलरवर विसंबायचं नाही. मेमरीत अमुक आकडा असताना डीबगर पडद्यावर कोणतं अक्षर दाखवतो, एवढंच त्याला तपासायचं आहे.

हा संशय एकाएकी आलेला नाही. १९७०च्या दशकात सी भाषा घडली तेव्हा अक्षर म्हणजे एक बाइट, इतका सरळ हिशेब होता. इंग्रजीला तो पुरला, जपानीला नाही. शिफ्ट-जिस किंवा ईयूसी या जपानी अक्षरसंचांमध्ये काही अक्षरं एका बाइटची तर काही दोन बाइटची. शिफ्ट-जिसमध्ये तर स्ट्रिंगच्या मध्यावर बोट ठेवलं, तर हाती आलेला बाइट अक्षराची सुरुवात आहे की उत्तरार्ध, हे मागे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून १९८९च्या अन्सी सी प्रमाणकात 'डब्ल्यूकॅर_टी', म्हणजे रुंद अक्षर, हा प्रकार आला. प्रत्येक अक्षराला सारखीच, ऐसपैस जागा. आणि अशी स्ट्रिंग ओळखू यावी म्हणून तिच्या आधी एल.

ऐसपैस म्हणजे किती, हे मात्र प्रमाणकानं सांगितलं नाही. ते कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या कटकटींचं मूळ या औदार्यात आहे.

१९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली ती १६ बिटांची, ६५,५३६ घरांची. देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. भारतीय इस्की प्रमाणकाची मांडणी घेऊन १२८ घरं तिला मिळाली. 'अ'चा क्रमांक २३०९. जगातल्या लिप्या १६ बिटांत मावतील, या भरवशावर १९९३च्या विंडोज एनटीनं डब्ल्यूकॅर १६ बिटांचा ठेवला, पाठोपाठ जावानंही आपलं अक्षर तेवढंच केलं. चिनी चित्राक्षरांनी तो हिशेब पार मोडला. १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोडची कमाल घरं ११,१४,११२ झाली आणि ६५,५३६च्या पलीकडचं अक्षर १६ बिटांच्या दोन तुकड्यांत लिहायची सोय निघाली. लिनक्सवर ग्नूच्या सी लायब्ररीनं डब्ल्यूकॅर ३२ बिटांचा ठेवला होता, त्यामुळे तिथे तुकड्यांचा प्रश्नच आला नाही. नाव एकच, रुंदी दोन. शिवाय सी++मध्ये हा भाषेचा स्वतंत्र प्रकार, तर सीमध्ये एखाद्या पूर्णांकाला दिलेलं नुसतं टोपणनाव.

डीबगरची अडचण इथे सुरू होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६मध्ये जीडीबी लिहिला, पण रुंद अक्षरं त्याला नीट वाचता येऊ लागली ती ७.० या आवृत्तीत, २००९ साली. तोवर एल लावलेली स्ट्रिंग छापायला सांगितली की आकड्यांची रांग मिळायची, आणि ती वाचण्यासाठी लोक स्वतःचे मॅक्रो लिहीत. ७.०पासून तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमचा साधा संच आणि रुंद संच वेगवेगळे सांगता येतात. पडद्याचा संच तिसरा. हे तीन जुळले तर '२३०९' या आकड्याशेजारी 'अ' उमटतो. पडद्याचा संच नुसता आस्की असेल, तर यूटीएफ-८मधल्या त्याच 'अ'चे तीन बाइट ३४०, २४४, २०५ असे अष्टमान पद्धतीत, उलट्या तिरक्या रेघांसह समोर येतात.

चाचण्यांचा संच हा या भाषेच्या आणि प्रमाणकांच्या भानगडींचा दप्तरखाना आहे. एक चाचणी डब्ल्यूकॅरच्या टोपणनावाला दिलेल्या आणखी एका टोपणनावाची आहे. सीमध्ये आतला प्रकार साधा पूर्णांकच असल्यामुळे जीडीबीला नावांच्या साखळीत डब्ल्यूकॅर शोधत जावं लागतं. नाव हुकलं की अक्षराऐवजी आकडा. चाचणी चालवणारी डेजाग्नू ही यंत्रणा माणसासारखी आज्ञा टाइप करते आणि आलेलं उत्तर नमुन्याशी ताडून पाहते. पण यंत्राची भाषेची सेटिंग (लोकेल) मुद्दाम कोरी ठेवून हे चालतं, नाहीतर एकीच्या यंत्रावर पास झालेली चाचणी दुसरीच्या यंत्रावर नापास व्हायची. म्हणून कोणता अक्षरसंच धरायचा, हे चाचणीला दरवेळी स्वतःच सांगावं लागतं.

२०११मध्ये सी आणि सी++ या दोन्ही प्रमाणकांनी कॅर१६ आणि कॅर३२ हे नावातच रुंदी सांगणारे प्रकार घेतले. बावीस वर्षं लागली. डीबगरसाठी माहिती लिहून ठेवायच्या ड्वार्फ पद्धतीनं चौथ्या आवृत्तीत, २०१०मध्येच, अशा अक्षरांसाठी वेगळी खूण केली होती.

एलएलडीबी हा नंतरचा डीबगर. त्याच्या चाचण्या लिहिणाऱ्यांनी आकड्यांऐवजी खऱ्या लिप्याच वापरल्या. डब्ल्यूकॅरच्या चाचणीत हिब्रूतलं 'माझेल तोव' म्हणजे अभिनंदन आहे. कॅर१६ आणि कॅर३२साठी तिबेटी, अरबी, रशियन, सिंहली पूर्णविराम आणि जपानी वर्णमालेच्या 'इरोहा' कवितेची सुरुवात आहे. जगाची सफर छान आहे, पण यातलं प्रत्येक चिन्ह ६५,५३६च्या आत बसतं. दोन तुकड्यांची पंचाईत या स्ट्रिंगांना भेटतच नाही.

आपल्या देवनागरीचंही तेच. 'अ' घालून केलेली चाचणी १६ बिटांत सुखरूप पार पडते आणि खोटा दिलासा देते. मोडीचं तसं नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले बहुतेक कागद ज्या लिपीत आहेत, ती मोडी युनिकोडमध्ये आली २०१४च्या ७.० आवृत्तीत, तोवर पहिली ६५,५३६ घरं जवळपास भरली होती. मोडी 'अ'चा क्रमांक ७१,१६८. लिनक्सच्या डब्ल्यूकॅरमध्ये तो एका घरात मावतो. कॅर१६मध्ये किंवा विंडोजवर त्याचे ५५३०१ आणि ५६८३२ असे दोन तुकडे होतात. डीबगरनं दोन्ही मिळून एक अक्षर दाखवायला हवं, आणि एकच तुकडा छापायला सांगितला तर अक्षराचा आव न आणता आकडा दाखवायला हवा. जीडीबी लांब स्ट्रिंग सहसा २०० घटकांवर तोडतो. ती तोडणी नेमकी दोन तुकड्यांच्या मध्ये आली तर काय दिसतं, हेही पाहण्यासारखं आहे.

जीडीबी आणि एलएलडीबी ही दोन्ही साधनं मुक्त आहेत आणि चाचण्या बाहेरच्यांकडूनही घेतात. मराठी प्रोग्रॅमरांपैकी कुणी रुंद अक्षरांची चाचणी लिहायला बसलंच, तर तिच्यात देवनागरीबरोबर मोडीची एक ओळ जरूर घालावी, आणि ती २०० घटकांहून लांब असावी.