बंबाला रेडिएटर

'बंब' हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. आग विझवायला धावत येतो तोही बंब आणि परसदारी धूर ओकत बसतो तोही बंब. पोर्तुगीज भाषेत पंपाला बोंबा म्हणतात, त्यावरून हा आला असं मानतात. विझवणाऱ्याचं नाव पेटवणाऱ्याला कसं मिळालं हे पंडितांनी सांगावं. मी पडलो बी.कॉम. जमेला आणि नावेला एकच आकडा दिसला की खातं जुळलं म्हणायचं आणि चहाला जायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

बंबाची रचना मात्र पाहण्यासारखी. मधोमध उभी नळी, तळाशी जाळी, भोवती पाणी. जाळाला चारी बाजूंनी पाण्याचा वेढा असल्यामुळे ऊब फारशी फुकट जात नाही. रशियातला सामोवार याचाच भाऊ. तुला गावात लिसित्सिन बंधू १७७८ सालापासून सामोवार बनवत होते. तिकडे त्याच्यावर चहा होतो, इकडे आंघोळ. दोन्हीशिवाय माणूस कचेरीत जाण्याच्या लायकीचा होत नाही. आणि आमच्या कसबा बावड्यात जळणाला तोटा नाही. उसाचं चिपाड जाळून गुऱ्हाळाची काहील उकळते, साखर कारखान्याचा बॉयलरही त्यावरच चालतो. मग आमच्या बंबानं काय घोडं मारलंय?

प्रश्न आला तो आईच्या सांध्यांमुळे. डिसेंबरात पंचगंगेवरून पहाटे वारा सुटला की तिचे गुडघे बोलायला लागतात. "बंबच माझ्या खोलीत आणून ठेव की," असं तिचं म्हणणं. हे मात्र करू नये. कोंडलेल्या खोलीतल्या जाळातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. थोडक्यात ऊब आत हवी आणि विस्तव बाहेर हवा.

माणसाला हे कोडं फार जुनं आहे. रोमन लोकांनी जमिनीखाली पोकळी ठेवून बाहेरच्या भट्टीची गरम हवा तिच्यातून खेळवली. त्या रोमनांचा माल आमच्या कोल्हापुरापर्यंत आला होता. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली त्यांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, काशाची मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. देव एवढ्या लांबून आला, पण भट्टीचा नकाशा विसरला. अंगावर चिंधी नसताना त्याला थंडी वाजत नाही, तेव्हा त्याला काय पर्वा! पुढे १८५५च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला फ्रान्झ सान गाली यानं गरम पाण्याचा रेडिएटर काढला. पाणी आत, विस्तव दूर.

आमचे मेहुणे विलायतेत असतात. त्यांच्या घरी कोळशाच्या शेगडीमागं पाण्याची टाकी, आणि तिथून नळ्या रेडिएटरला. त्यांनी पत्रातून बजावलं, "एका रेडिएटरला चावी म्हणून बसवू नका." कारण सरळ आहे. गॅस बंद करता येतो, लाकडाला 'थांब' म्हणता येत नाही. पेटलेलं जळण म्हणजे मुदत ठेव. मुदत संपेपर्यंत व्याज चालूच. ते जायला एक वाट कायम उघडी लागते.

मी कागद घेऊन उद्यमनगरात गेलो. तिथला मिस्त्री हसला. "सायेब, बंब उघडा हाय. आंघोळीला पानी काढलं की पातळी खाली, मग वरच्या नळीत पानी चडंल कसं?" मी म्हटलं, झाकण घट्ट लावू. "मग बंबाचा बाँब हुईल." बरोबर होतं त्याचं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीहून अधिक जागा मागते, आणि तांबं तेवढी जागा देत नाही.

तोड त्यानंच काढली. बंबाच्या पाण्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडायचं आणि त्यातलं पाणी वेगळं ठेवायचं. वेटोळ्याचं वरचं टोक भिंतीतून रेडिएटरच्या डोक्याला, रेडिएटरचं खालचं टोक परत वेटोळ्याच्या तळाला. सगळ्यात उंचावर एक उघडी डबडी टाकी, म्हणजे फुगलेलं पाणी तिथं जाईल. पंप नको. गरम पाणी हलकं म्हणून वर चढतं, निवलं की जड होऊन उतरतं. रेडिएटर मात्र बंबापेक्षा उंच हवा, आणि नळ्यांना चढ एकसारखा हवा; मध्ये कुबड आलं की हवा अडकते आणि पाणी संपावर जातं.

भंगारातून जीपचा रेडिएटर मिळाला. पंख्याशिवाय तो मंद चालतो, पण खोली काही फार मोठी नाही. पहिल्या दिवशी नळीतून गुडगुड आवाज आला तेव्हा आईनं विचारलं, "ह्याला भूक लागली का रं?"

आता दोन हिवाळे झाले. पहाटे पाचाला मी चिपाडं लावतो, साडेपाचापर्यंत तिची भिंत कोमट होते. ती त्याला पाठ टेकून जपमाळ ओढते. अंघोळीचं पाणी मात्र पूर्वीइतकं लवकर तापत नाही, अशी घरात बाकीच्यांची तक्रार आहे. ती मी लेखी मागवली आहे.